वस्ती खरंच सुधारतेय की नुसती जाहिरात? घर घेण्याआधी कसं ओळखायचं?

अनघा_क | शनिवार, सकाळी ९:५०

नमस्कार मंडळी. पुण्यात घर शोधतोय. कोथरूड-कर्वेनगर आवाक्याबाहेर गेलंय, बाणेर-खराडीचं नावच नको. त्यामुळे आज थोडी गैरसोय असेल पण पुढे वस्ती चांगली होईल, अशा ठिकाणी बघणं भाग आहे. सध्या यादीत वाघोली, पुनावळे आणि सिंहगड रस्त्याचा नांदेड-धायरी पट्टा आहे. प्रत्येक साइटवर एकच ऐकायला मिळतं, "मॅडम, दोन वर्षांत हा एरिया ओळखू येणार नाही."

घरात सासूबाई आहेत, मुलगी यंदा पहिलीत जाईल. गुंतवणूक नाही, राहायलाच घ्यायचंय, आणि कर्ज वीस वर्षांचं. सगळं सुधारून झालेली वस्ती परवडत नाही आणि कधीच न सुधारणारी वस्ती घेऊन बसणं त्याहून महागात पडेल. तर भाव चढायच्या आधी, वस्ती वळणावर आली आहे हे जागेवर कशावरून कळतं? मेट्रो, रिंग रोड, 'प्रस्तावित' अमुक-तमुक, या बातम्या किती धरायच्या?

मोजणीदार | शनिवार, सकाळी ११:२०

अनघाताई, माझी सगळी नोकरी नगररचनेच्या कामात गेली, आता निवृत्त आहे. प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाव महापालिकेत आलं म्हणजे सुधारलं असं नसतं. १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत ३८ गावं घेतली, २००१ मध्ये त्यातली काही वगळली, २३ राहिली. बाणेर, बालेवाडी, खराडी ही त्यातलीच. आज ती बघून लोक म्हणतात, वाघोलीचंही तसंच होईल. होईलही. पण त्या २३ गावांचा विकास आराखडा मार्गी लागायलाच दशकाहून जास्त काळ गेला, हे कोणी सांगत नाही. पुढे २०१७ मध्ये ११ गावं आली (धायरी त्यात), २०२१ मध्ये आणखी २३ (वाघोली, नांदेड, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे त्यात). म्हणजे तुमच्या यादीतली धायरी आणि नांदेड शेजारी असली तरी एका रांगेत उभी नाहीत. पुनावळे तर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत. तिथलं पाणी वेगळं, अंदाजपत्रक वेगळं, आणि कार्यालयही वेगळं.

आता बातम्यांचं. कुठल्याही कामाच्या पायऱ्या असतात. आधी घोषणा, मग अंदाजपत्रकात तरतूद, मग निविदा, मग कार्यादेश, मग जागेचा ताबा. लोक पहिल्या पायरीवर पैसे मोजतात. आपल्याकडे खरी अडचण शेवटच्या पायरीवर असते. कात्रज-कोंढवा रस्ता बघा. २०१८ मध्ये भूमिपूजन झालं, रुंदी ८४ मीटर ठरली होती. जमिनीच्या मोबदल्यापायी ती ५० मीटरवर आणावी लागली आणि तरीही काम वर्षानुवर्षं रखडलं. ज्यांनी 'रुंद रस्ता होतोय' या भरवशावर तिथे घर घेतलं त्यांची मुलं त्याच कोंडीत शाळेत जाऊन मोठी झाली.

म्हणून माझा सल्ला, विकास आराखड्याचा नकाशा घेऊन तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चाला. मधेच रस्ता संपून पत्र्याचं कुंपण, जुनं घर किंवा उभं पीक लागलं, तर तिथे मोबदल्याचा वाद आहे असं समजा. आजूबाजूच्या दुकानात विचारलंत की कोणाची जागा, कोर्टात आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. असे तुटके दोन-तीनशे मीटर अख्ख्या वस्तीला वेठीला धरतात. उलट ताबा मिळून खडी पडली असेल, कडेने मैलापाण्याची वाहिनी आधी टाकून झाली असेल आणि डांबर नंतर येत असेल, तर काम रीतीनं चाललंय. डांबर आधी आणि खोदाई नंतर असा उलटा क्रम दिसला तर अजून बराच काळ धूळ खायची तयारी ठेवा.

निळी_सायकल | शनिवार, दुपारी १:०५

मी वाघोलीत राहते. मोजणीदार काकांनी रस्त्याचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते, कारण माझ्या मते बाकी सगळं एकीकडे आणि पाणी एकीकडे.

सोसायटी बघायला जाल तेव्हा क्लबहाऊस बघू नका. चेअरमन किंवा सेक्रेटरींना भेटा आणि मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद, जमाखर्चाच्या पत्रकासकट, मागा. सभासदांच्या सभेत वाचलेला कागद असतो तो, ओळखीनं दाखवतात. त्यात 'टँकर' हा खर्च शोधा. तीन वर्षांत तो कमी होत गेला असेल, तर वस्ती सुधारतेय. तेवढाच राहिला किंवा वाढला असेल, तर कितीही नवे मॉल येवोत, तुमचं राहणं सुधारलेलं नाही. तसंच जनरेटरचं डिझेल आणि मैला उपसायच्या गाडीचा खर्च. ही कामं एरवी पालिकेची किंवा महावितरणची. त्यांचे पैसे रहिवासी स्वतःच्या खिशातून भरतायत का आणि ते भरणं कधी थांबलं, हे ताळेबंदात लख्ख दिसतं. ब्रोकर काहीही सांगो, हिशोब बदलता येत नाही.

आणखी एक. या गावांत बांधकाम परवानगी देताना बऱ्याचदा अशी अट असते की, नळाचं पाणी येईपर्यंत बिल्डरने स्वखर्चानं पाणी पुरवायचं. तसं हमीपत्र असतं. ते मागून घ्या. आमच्याकडे ताबा देऊन झाल्यावर बिल्डरने हात वर केले आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये आलं. उन्हाळ्यात तो आकडा कर्जाच्या हप्त्याला टेकू लागतो, खरंच सांगते.

पाण्याची उंच टाकी दिसली की लोक खूश होतात. टाकी म्हणजे पाणी नव्हे. टाकीपर्यंत मुख्य वाहिनी आली का आणि त्या टाकीतून कोणत्या सोसायट्यांना जोडणी मिळाली, हे विचारा. नगर रस्त्याच्या भागाला भामा आसखेड धरणाचं पाणी २०२१ मध्ये आलं, त्याने विमाननगर-खराडीकडचा ताण कमी झाला. त्या वेळी वाघोलीच्या जाहिरातींतही भामा आसखेड झळकलं होतं. आमचा टँकर चालूच राहिला.

रोकडा_व्यवहार | शनिवार, दुपारी ३:३०

एवढं बघत बसलात तर घर कधीच होणार नाही. पाणी आलं, रस्ता झाला, की भावही गेलाच समजा. कोणीही सुधारणा झाल्यावर स्वस्तात देत नाही. भाव वाढू लागले हेच वस्ती सुधारतेय याचं सगळ्यात खरं लक्षण. बाजाराला सगळं आधी कळतं. मी दोन फ्लॅट असेच घोषणेच्या वेळी घेतले आणि चांगले विकले.

उलवेकर | शनिवार, सायंकाळी ६:१५

रोकडा भाऊ, तुमचं विकणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहे. राहणाऱ्याची बाजू मी सांगतो.

नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी २००७ ची. तेव्हापासून उलव्याचा प्रत्येक फ्लॅट 'विमानतळाशेजारी' म्हणून विकला गेला. भाव मंजुरीला चढले, भूमिपूजनाला चढले (ते २०१८ मध्ये), आणि उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत भाव कितीदा तरी वाढले, पण त्या भावाने आम्हाला लोकल दिली नाही. उलव्यातल्या खारकोपर स्टेशनपर्यंत लोकल आली नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि माझ्या मते उलव्याचं खरं वळण ते. तोवर इथे संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळवणं मुश्कील असायचं. लोकल आल्यावर वर्षभरात भाजीवाले, पोळी-भाजी केंद्र, डॉक्टर, क्लास सगळं आलं. मग जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल.

तळोज्याचंही तसंच. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं, मार्ग जेमतेम ११ किलोमीटरचा, आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. खांब उभे राहिलेले बघून ज्यांनी घर घेतलं, त्यांनी बारा वर्षं खांबच बघितले.

त्यामुळे माझा नियम, ज्या प्रकल्पाविनाही तुम्ही तिथे आज राहू शकाल तिथेच घ्या. प्रकल्प आला तर बोनस. आणि येणाऱ्या प्रकल्पाचं स्टेशन तुमच्या फाटकापासून किती लांब, मधे हायवे ओलांडावा लागतो का, हेही पायी जाऊन बघा. जाहिरातीतली 'पाच मिनिटं' गाडीची असतात, तीही पहाटेची.

औषधवाला | शनिवार, रात्री ९:४०

माझं मेडिकलचं दुकान आहे, पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेला, नव्या वस्तीत. भाडं भरून दुकान टाकायचं तर वस्ती ओळखणं हाच आमचा धंदा, म्हणून लिहितो.

दुकान टाकलं तेव्हा काउंटरवर जायचं ते डोकेदुखी, ॲसिडिटी, सर्दीचं. म्हणजे नोकरी करणारी एकटी पोरं, चार जणांत एक फ्लॅट. ती कंपनी बदलली की निघून जातात. हळूहळू डायपर आणि बाळाचं दूध पावडर जायला लागलं. त्यानंतर काही काळाने बीपी आणि शुगरच्या गोळ्यांची महिन्याची बांधलेली गिऱ्हाईकं आली, म्हणजे मुलांनी गावाकडून आई-वडिलांना आणून ठेवलं. ही तिसरी पायरी आली की वस्ती टिकते असं माझं ठाम मत आहे. आई-वडिलांना माणूस उगीच आणत नाही. लिफ्ट चालते, पाणी येतं, रात्री दवाखाना मिळतो, याची खात्री पटल्यावरच आणतो.

अनघाताई, तुमच्याबरोबर सासूबाई आहेत. ज्या दोन-तीन ठिकाणी बघताय तिथल्या मेडिकलवाल्याला दुपारच्या मोकळ्या वेळी विचारा, बीपीच्या गोळ्या किती जातात, मुलांचा डॉक्टर रोज बसतो की आठवड्यातून दोनदा. आम्ही लपवत नाही, आम्हाला काही फ्लॅट विकायचा नसतो. इस्त्रीवाला आणि दूध टाकणारा पोरगा यांनाही विचारा. कोणत्या बिल्डिंगमध्ये किती घरं भरली आणि कोण सोडून चाललंय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

फसवं लक्षण म्हणाल तर ब्रँडेड कॉफीचं दुकान. कंपनी तोटा सोसून तीन वर्षं बसू शकते. पोळी-भाजी केंद्रवाली बाई बसू शकत नाही. तिचं तिसऱ्या महिन्यात चालू असेल तर वस्तीत पोटं आहेत.

झिरो_माईल | रविवार, सकाळी ८:१०

नागपूरकडून थोडं. आमच्याकडे मिहान, म्हणजे विमानतळालगतचा मालवाहतूक-औद्योगिक प्रकल्प, त्याच्या नावावर वर्धा रोड, बेसा, बेलतरोडीकडे किती प्लॉट विकले गेले त्याला गणती नाही. मार्च २०१९ मध्ये त्या बाजूला मेट्रो सुरू झाली तेव्हा पुन्हा तीच लाट. इथे सगळ्यात आधी बघायचं ते आरएल लेटर, म्हणजे लेआउटचं नियमितीकरण पत्र. ते नसलं तर लेआउटमध्ये रस्ता, गडर (गटार) काहीच पक्कं होत नाही, मग शेजारी कितीबी मोठी कंपनी येवो. आणि पावसाळ्यात जा बाप्पा, मार्चमध्ये सगळेच लेआउट सुंदर दिसतात.

तिसरी_पिढी | रविवार, सकाळी १०:३०

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी या नव्याने आलेल्या गावांपैकीच एका गावचा, मूळचा. आमची शेती गेली, त्या जागी टॉवर आहेत. तुम्ही ज्याला सुधारणा म्हणता त्यात आमचे ओढे बुजले. ही तक्रार नाही, माहिती म्हणून सांगतोय, कारण ती घर घेणाऱ्याच्या थेट कामाची आहे.

ओढा बुजवला तरी पाणी वाट विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुण्याने पाहिलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरी बुडाली. ती काही मागास वस्ती नव्हती, चांगली नांदती होती. तेव्हा नदीकाठी बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासाच. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. ओढ्यांच्या बाबतीत मात्र नकाशावर थांबू नका. गावच्या देवळात किंवा पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, "इथं आधी काय होतं, पावसाळ्यात कुठून पाणी यायचं?" जुना सातबारा आणि गावनकाशाही बघा, ओढा त्यावर असतो. आम्ही लोकांना सांगतो, पण साइटवर आलेली माणसं गावात शिरतच नाहीत. चहा प्यायलासुद्धा नाही. एकदा या.

नांदेड-किरकटवाडी-धायरीबद्दल, २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ तिथेच जास्त होती आणि संशय पाण्यावर होता. त्यानंतर पाण्याकडे जरा लक्ष गेलं. तुमच्या सोसायटीला पाणी विहिरीचं, टँकरचं की शुद्ध करून आलेलं, आणि क्लोरीन कोण तपासतं, हे नाव घेऊन विचारा. "पालिकेचं आहे" एवढ्यावर सोडू नका.

अनघा_क | रविवार, दुपारी २:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. ताळेबंदाची गोष्ट कुठल्याच व्हिडिओत ऐकली नव्हती. काल एका सोसायटीत विचारलं, सेक्रेटरींनी लगेच दाखवला. दुसरीकडे "घर घेतल्यावर बघा" म्हणाले. तेही उत्तरच.

तिसरी_पिढी, तुमचं वाचून वाईटही वाटलं. गावात नक्की जाऊ.

अजून दोन शंका. शाळेचं कसं बघायचं? आणि पुनावळ्याला कचरा डेपो होणार होता, त्याचं आता काय?

खडू_फळा | रविवार, दुपारी ४:२०

शाळेत शिकवते, म्हणून पहिल्याचं उत्तर देते. नव्या वस्तीत शाळांच्या इमारती लवकर उठतात, बिल्डरच जागा देतो. इमारत बघू नका, वरचे वर्ग बघा. पहिलीच्या चार तुकड्या आणि सातवीची एकच, असं असेल तर दोन कारणं असतात. शाळा नवी असेल तर ठीक. शाळा जुनी असून वरच्या वर्गात मुलं उरत नसतील, तर पालक मुलं काढून दुसरीकडे नेतायत किंवा वस्तीच सोडतायत. तुमची मुलगी पहिलीत जातेय, पुढची दहा वर्षं तुमचा जीव याच गोष्टीत अडकणार. सकाळी साडेसात-आठला नाक्यावर उभ्या राहा. शाळेच्या बस वस्तीतून मुलं बाहेर नेतायत की बाहेरून आत आणतायत? ज्या वस्तीत बाहेरची मुलं शिकायला येऊ लागतात ती वर चढतेय.

जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेचा पटही विचारा, मुलीला तिथे घालायचं नसलं तरी. तिथे पट वाढत असेल तर घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, दुकानं सांभाळणाऱ्या कुटुंबांनी इथे बस्तान बसवलंय. ती माणसं टिकल्याशिवाय कुठलीही सोसायटी चालत नाही. आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, विचारायला विसरू नका. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही बघा. नव्या भागांतली नावं त्यात सापडतात.

मोजणीदार | रविवार, रात्री ८:००

पुनावळ्याचा डेपो रद्द केल्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात झाली. तिथल्या रहिवाशांनी मोर्चे काढून, पाठपुरावा करून ती मिळवली. पण घोषणा आणि आराखड्यातलं आरक्षण या दोन गोष्टी आहेत. त्या जागेचा आजचा अधिकृत झोन दाखला आणि भाग नकाशा काढून घ्या. ज्या वस्तीतल्या सोसायट्या एकत्र येऊन असा लढा देतात, ती मला आवडते. सुधारणा आपोआप होत नाही, कोणीतरी अर्ज घेऊन हेलपाटे घालतं. म्हणून सोसायट्यांचा महासंघ आहे का, त्याच्या बैठका होतात का, हे विचाराच. माझ्या अनुभवात, बाकी सगळं सारखं असलेल्या दोन वस्त्यांत फरक पडतो तो इथेच.

रोकडा_व्यवहार यांच्या मुद्द्याला उत्तर राहिलं. भाव वाढले हे तुम्हाला जाहिरातीतून कळतं. खरे व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोनमध्ये दिसतात. गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक टाकून वर्षवार शोधा. दस्तात लिहिलेला मोबदला, क्षेत्रफळ, तारीख, सगळं असतं. बिल्डर सांगतो तो दर आणि त्याच इमारतीतल्या पुनर्विक्रीच्या दस्तातला दर, यांत मोठी तफावत असेल तर वाढ अजून कागदावरच आहे.

रोकडा_व्यवहार | रविवार, रात्री ८:५०

काका, मान्य. राहायला घेणाऱ्याचं गणित वेगळं हे पटलं. पण एक सांगा, गुंतवणूकदारांनी घेऊन रिकामे ठेवलेले फ्लॅट किती हे सूचीवरून कळतं का? मी ते रात्री नऊला खिडक्यांतले दिवे मोजून बघतो.

मोजणीदार | रविवार, रात्री ९:३५

दिवे मोजणं चांगलंच, फक्त सुट्टीच्या आठवड्यात मोजू नका. सूचीवरून अंदाज असा येतो. नोंदणी केलेले भाडेकरारही, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, त्यात दिसतात. विक्रीचे दस्त भरपूर आणि भाडेकरार नगण्य, शिवाय दिवेही कमी, तर घरं कुलूपबंद आहेत. भाडेकरार दरवर्षी वाढत असतील तर माणसं येतायत. अनघाताई, शक्य असेल तर त्याच वस्तीत आधी अकरा महिने भाड्याने राहा, एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्ट दोन्ही त्यात येतील असं बघा.

आणि सूची बघताना आणखी एक दस्तप्रकार शोधा, रद्दलेख. नोंदवलेला करार पुढे मोडला की तो होतो. एखाद्या प्रकल्पात एक-दोन असणं साहजिक आहे, कोणाचं कर्ज मंजूर होत नाही, कोणाची बदली होते. पण एकाच प्रकल्पात किंवा शेजारच्या दोन-तीन प्रकल्पांत ओळीने रद्दलेख दिसले, तर आत राहणाऱ्यांना किंवा घेणाऱ्यांना काहीतरी कळलंय जे तुम्हाला सांगितलेलं नाही. मग महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडा, पूर्ण करायची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी ठेवा, खाली न्यायप्रविष्ट दाव्यांची माहिती असते ती वाचा. सर्व्हे नंबर इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. तिन्ही ठिकाणच्या सूची कशा वाचायच्या ते मी सांगतो.